माल उशिरा पोचणार, हे पाच ठिकाणी कळवताना

१५ डिसेंबर २०२३ हा शुक्रवार होता. त्या दिवशी मर्स्क आणि हापाग-लॉइड या दोन मोठ्या शिपिंग कंपन्यांनी लाल समुद्रातून जहाजं नेणं तूर्त थांबवत असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरपासून येमेनच्या किनाऱ्याजवळ व्यापारी जहाजांवर हल्ले होत होते, त्यामुळे असं काहीतरी होणार याची कुणकुण होतीच. पुढच्या काही दिवसांत बाकीच्या लाइन्सनीही, म्हणजे शिपिंग कंपन्यांनीही, तोच निर्णय घेतला. सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस जास्त आणि वर सरचार्ज, म्हणजे जादा भाडं. आमचे कंटेनर तेव्हा समुद्रात होते.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघते. माल उशिरा पोचणार असेल तर ग्राहकांना कळवण्याचं काम माझं. ग्राहक जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि जेद्दाला. शिवाय एक जपानी कंपनी, जिचा कारखाना युरोपात आहे पण खरेदीचे सगळे निर्णय जपानमधून होतात. एरवी प्रत्येकाशी वेगळ्या विषयावर पत्रव्यवहार चाललेला असतो, त्यामुळे कोण कसं लिहितं, कशाला उत्तर देतं, कशाला देत नाही, याची तुलना करायची वेळ येत नाही. या खेपेला बातमी एकच होती आणि ती सगळ्यांना एकाच आठवड्यात सांगायची होती.

आमच्या विभागप्रमुख मॅडमचं म्हणणं होतं की एकच ड्राफ्ट करावा, सगळ्यांना बीसीसीत टाकावं आणि मोकळं व्हावं. मी म्हटलं, "मॅडम, मी पाच वेगळे लिहिते." त्यावर त्या म्हणाल्या, "पाच वेगळे लिहाल आणि पाच ठिकाणी पाच वेगळ्या गोष्टी कबूल करून बसाल." त्यांची भीती रास्त होती. उशीर झाला की सरचार्ज कुणी भरायचा, करारातलं अपरिहार्य आपत्तीचं कलम लागू होतं का, हे प्रश्न मागून येतातच, आणि तेव्हा प्रत्येक ईमेलमधला प्रत्येक शब्द काढून बघितला जातो. शेवटी असं ठरलं की आधी एक तक्ता करायचा: जहाजाचं नाव, कंटेनर नंबर, जुनी तारीख, नवी अंदाजे तारीख, कारण. तो मॅडमनी तपासायचा. पाचही पत्रांत माहिती त्या तक्त्याबाहेरची घालायची नाही. क्रम, सूर आणि लांबी माझ्यावर सोपवली.

पहिलं पत्र जेद्दाला गेलं, कारण सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि आठवडा रविवारी सुरू होतो. बाकी सगळे सोमवारपर्यंत बंद. तिथले गृहस्थ इंजिनिअर आहेत आणि त्यांच्याकडे ती पदवी नावाआधी लावतात, पुढे पहिलं नाव, आडनाव नाही. मी सुरुवातीला त्यांची आणि घरच्यांची खुशाली विचारली, मग थोडक्यात बातमी दिली आणि फोन कधी करू ते विचारलं. ईमेलला उत्तर आलं नाही, फोन आला. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनीच सांगितलं की जेद्दा लाल समुद्रावर आहे, जहाज आफ्रिकेला वळसा घालून सुएझमधून खाली येण्याची वाट बघण्यापेक्षा पुढचा माल आखातातल्या दम्माम बंदरात उतरवा, तिथून ट्रकने आणवू. हा पर्याय आमच्या डोक्यातही नव्हता. फोन ठेवल्यावर मी झालेल्या बोलण्याचं टिपण ईमेलने पाठवलं आणि त्यावर "सहमत" एवढंच उत्तर आलं. या ग्राहकाच्या बाबतीत ईमेल म्हणजे बोलण्याची नोंद, बोलणं नव्हे. ज्याला हे माहीत नसतं तो उत्तराची वाट बघत बसतो आणि समोरचा फोनची.

जपानचं पत्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं, आणि मला ते तसं जाणं योग्यच वाटतं.

पहिल्या ओळीत कंपनीचं नाव, मग विभाग, मग माणसाचं नाव आणि पुढे आदराचा 'सान'. इंग्रजीत लिहीत असलो तरी ही चौकट पाळलेली त्यांना बरी वाटते. त्यांच्या आपसातल्या जपानी पत्रांत ती याहून बरीच काटेकोर असते. सीसीमधली नावं हुद्द्याप्रमाणे लावली: आधी विभागप्रमुख म्हणजे बुचो, मग त्यांच्या हाताखालचे काचो, मग प्रत्यक्ष काम बघणारा अधिकारी. मग नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार. मग तुम्हाला त्रास होतोय याबद्दल दिलगिरी. हल्ले आम्ही केले नव्हते, मार्ग आम्ही बदलला नव्हता, तरी दिलगिरी आधी. मॅडम इथे अडल्या. "आपली चूक नसताना माफी कशाला?" मी त्यांना समजावलं की ही माफी दोष कबूल करणारी नाही, गैरसोयीची दखल घेणारी आहे. त्या वाक्यात उशिराचं कारण येऊ द्यायचं नाही, कारण दिलगिरीला लगेच कारण चिकटवलं की ती सबब वाटते. कारण पुढच्या परिच्छेदात, तारखांसकट, घडलं त्या क्रमाने.

उत्तर त्याच दिवशी आलं: पत्र मिळालं, आत चर्चा करून कळवतो. दुसऱ्या दिवशी प्रश्न आले. मार्ग बदलल्याचं तुम्हाला नेमकं कधी कळलं? कुणाकडून कळलं? बाकीच्या लाइन्स काय करताहेत? नवी तारीख कशाच्या आधारावर काढली? आणि शेवटी, असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय उपाय करणार आहात?

हा शेवटचा प्रश्न वाचून आमच्या विभागातला नवा मुलगा म्हणाला, "ताई, आता युद्ध थांबवायचा उपाय आपण कुठून आणायचा?" पण मी त्या प्रश्नाकडे त्यांच्या बाजूने बघितलं. आमचं पत्र वाचणारा अधिकारी निर्णय घेणारा नसतो. त्याला ते काचोपुढे ठेवावं लागतं, काचोला बुचोपुढे, शिवाय युरोपातल्या कारखान्याच्या प्रॉडक्शनवाल्यांपुढे. प्रत्येक पायरीवर त्याला हेच विचारलं जाणार आणि उत्तर त्याच्याकडे नसलं तर तो उघडा पडणार. तो माझ्याकडे युद्धबंदी मागत नव्हता. वर दाखवायला कागद मागत होता. मग आम्ही खरोखर बसून विचार केला आणि दोन गोष्टी लिहून दिल्या: युरोपातल्या गोदामात त्यांच्या भागांचा साठा वाढवू आणि दर शुक्रवारी मार्गाची स्थिती कळवू. साठा वाढवण्याचा निर्णय आम्ही एरवी घेतला असता असं मला वाटत नाही. तो या प्रश्नामुळे झाला.

दर शुक्रवारचं पत्र मी नेमाने पाठवलं. कित्येकदा त्यात "मागच्या आठवड्यापासून बदल नाही" एवढंच असायचं. त्यालाही आभाराचं उत्तर यायचं. वरिष्ठांना सतत कळवत राहणं, माहिती देणं आणि सल्ला घेणं ही तिथल्या ऑफिसांत नव्या माणसाला शिकवली जाणारी शिस्त आहे, होरेन्सो म्हणतात तिला. बदल झालेला नाही हीसुद्धा त्यांच्या दृष्टीने कळवण्याजोगी बातमी असते.

तेच साप्ताहिक पत्र मी उत्साहाने जर्मनीलाही सुरू केलं. लगेच उत्तर आलं: कृपया बदल असेल तेव्हाच कळवा.

जर्मन ग्राहकाचं पहिलं उत्तर इथे जरा जवळून बघण्यासारखं आहे. आडनावाने केलेलं संबोधन. त्याखाली थेट क्रमांक घालून तीन प्रश्न. एक, नवीन तारीख कोणत्या कॅलेंडर आठवड्यात? दोन, जहाज बदललं आहे का, असल्यास नाव? तीन, १.२५० नग हवाई मार्गाने पाठवता येतील का? मग ठरलेलं "सस्नेह अभिवादन" आणि सही. आभार नाहीत, "समजू शकतो" नाही, काही नाही. नव्या मुलाला वाटलं हा माणूस भडकलाय. मी त्याला ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. त्या तीन प्रश्नांना तीन ओळींत उत्तर दिलं की काम संपत होतं. समोरच्याचा वेळ न घालवणं हाच त्या पत्रातला आदर होता. मी क्रमांक तसेच ठेवून उत्तर दिलं: तिसऱ्या आठवड्याऐवजी पाचवा, जहाज तेच, हवाई मार्गाने पाठवता येतील, खर्च वेगळा कळवते. आणि आकडा मी १२५० असा सलग लिहिला, कारण जर्मन पद्धतीत हजारानंतर टिंब येतं, तर इंग्रजी पद्धतीत तेच टिंब दशांशाचं. सव्वा नग आणि साडेबाराशे नग यांत फरक पडतो.

आठवड्यांच्या क्रमांकाचीही गंमत नाही, तो हिशेब पक्का माहीत असावा लागतो. युरोपात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला. २०२४ची १ जानेवारी सोमवारीच होती म्हणून त्या वर्षी घोळ नव्हता. अमेरिकेत अनेक कॅलेंडरं आठवडा रविवारपासून धरतात, तिथे हा क्रमांक लिहून उपयोग नाही.

त्या जर्मन पत्राच्या तळाशी मात्र मी नेहमी नीट बघते. जर्मनीत २००७ पासून व्यावसायिक ईमेलमध्ये कंपनीचं कायदेशीर स्वरूप, मुख्यालय, नोंदणी न्यायालय आणि क्रमांक, संचालकांची नावं द्यावीच लागतात. त्याहून कामाचं म्हणजे सहीतल्या नावाआधीची आद्याक्षरं. या माणसाच्या नावाआधी 'इम आउफट्राग'ची अक्षरं होती, म्हणजे तो दुसऱ्याच्या वतीने सही करतो. मोठ्या खर्चाला हो म्हणण्याचा अधिकार साधारणपणे अशा माणसाकडे नसतो. तो ज्याच्याकडे असतो त्याची 'प्रोकुरा', म्हणजे कंपनीच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार, व्यापारी नोंदवहीत नोंदलेली असते आणि त्याच्या सहीची अक्षरं वेगळी असतात. म्हणून सरचार्ज आणि विमानाच्या भाड्याचा विषय मी त्या पत्रात कोंबला नाही. त्यासाठी वेगळं पत्र, वेगळी सब्जेक्ट लाइन, आणि वरच्या माणसाला "टू"मध्ये घेऊन. खालच्या अधिकाऱ्याकडे ज्या गोष्टीचा अधिकारच नाही त्यावर त्याच्याकडून उत्तर मागत राहिलं की पत्रं थंड होत जातात आणि आपण म्हणतो, जर्मन लोक रुक्ष आहेत.

ब्रिटनचं उत्तर गोड होतं. परिस्थितीबद्दल सहानुभूती, कळवल्याबद्दल आभार, आणि मग: "तारखांबद्दल जरा अधिक नेमकी कल्पना मिळाली तर आम्हाला बरीच मदत होईल." ज्याला सवय नाही तो हे वाचून सावकाश उत्तर देईल. मला इतक्या वर्षांत कळलं आहे की त्या "जरा"च्या मागे नाराजी असते आणि "बरीच मदत होईल"च्या मागे आजच द्या असं असतं. मी त्याच दिवशी तारीख दिली, आणि ती कशामुळे हलू शकते तेही स्पष्ट लिहिलं. पुढचं पत्र खरंच मोकळं आलं.

अमेरिकेला मी सगळ्यात छोटं पत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत माल किती दिवस उशिरा आणि आमच्याकडून त्यांना काय निर्णय हवा आहे ते. थोडा माल विमानाने हवा का? हवा असेल तर बुधवारपर्यंत सांगा. कारण त्याखाली दोन वाक्यांत. संबोधन पहिल्या नावाने. तारीख आकड्यांत लिहिली नाही, महिना अक्षरांत लिहिला, कारण त्यांच्याकडे महिना आधी येतो. उत्तर दोन ओळींचं: माहितीबद्दल आभार, छान काम, उद्या पाच मिनिटं कॉल करू. "छान काम" वाचून मुलगा खूश झाला. मी त्याला सांगितलं की त्यात समाधान मान, पण सगळं मिटलं असं समजू नकोस. कॉलवर त्यांनी दंडाच्या कलमाचा विषय काढलाच, त्याच हसऱ्या आवाजात. कौतुक आणि मागणी या तिथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या असतात.

मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुंता वाढला. नौदलांची गस्त सुरू होणार म्हणून काही लाइन्स पुन्हा लाल समुद्रातून जायच्या विचारात असल्याची बातमी आली. ही अर्धवट बातमी कुणाला सांगायची? जर्मन ऑफिस नाताळ ते नवं वर्ष बंद होतं. तिकडून आपोआप आलेल्या उत्तरात बदली माणसाचं नाव आणि "तुमचा ईमेल पुढे पाठवला जात नाही" असं स्वच्छ लिहिलेलं. मी कळवलं नाही, पक्कं झाल्याशिवाय त्यांना नकोच असतं. जपानी ग्राहकाचा वर्षातला शेवटचा कामाचा दिवस २८ डिसेंबर होता. त्यांना मात्र "आजच्या तारखेला एवढी माहिती आहे, अजून खात्री नाही" असं कळवलं. अमेरिकेला शक्यता म्हणून एका ओळीत सांगितलं. त्यानंतर ३० आणि ३१ डिसेंबरला पुन्हा एका जहाजावर हल्ला झाला आणि २ जानेवारीला पुन्हा सगळं थांबलं. कच्ची बातमी कुणाला चालते आणि कुणाला चालत नाही हे मला संबोधन आणि अभिवादनाच्या नियमांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी शिकवत नाही.

जपानसाठी मी ४ जानेवारीला पाठवायचं नववर्षाचं शुभेच्छापत्र आधीच लिहून ठेवलं होतं. १ जानेवारीला दुपारी नोटो द्वीपकल्पाला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. मी ते पत्र पुसून टाकलं. नव्या पत्रात अभिनंदन नाही, शुभेच्छा नाहीत, आधी तुम्ही आणि तुमची माणसं सुखरूप आहात ना, उत्तराची घाई नाही, आणि खाली वेगळ्या परिच्छेदात मालाची स्थिती. उत्तर त्या अधिकाऱ्याकडून नाही, बुचोंकडून आलं. एरवी ते कधी स्वतः लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं की त्यांचे कर्मचारी ठीक आहेत, एका पुरवठादाराचा कारखाना त्या भागात आहे आणि त्यांची चौकशी चालू आहे. खाली आमच्या मालाबद्दल एक ओळ: कळवत आहात त्याबद्दल आभारी आहोत.

कंपनीने मागे आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे एडवर्ड टी. हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली विभागणी शिकवली होती: काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घेतलं जातं, काहींत सगळं शब्दांत सांगावं लागतं. विभागणी उपयोगी आहे. पण ईमेल लिहायला बसलं की मला तिच्यापेक्षा एक साधा प्रश्न जास्त कामाला येतो: हे पत्र वाचणाऱ्याला ते पुढे कुणाला दाखवावं लागणार आहे, आणि तो माणूस त्याला काय विचारणार आहे? जपानी पत्राची लांबी, जर्मन पत्रातले क्रमांक, जेद्दाच्या फोननंतरचं टिपण, या सगळ्याचा उलगडा मला या प्रश्नातून होतो, स्वभावाच्या वर्णनातून होत नाही.

मॅडमनी नंतर त्या पाच पत्रांचे नमुने करून सगळ्यांना वाटायला सांगितले. मी ते केले, पण देशाच्या नावाने नाही, ग्राहकाच्या नावाने. त्याचं कारण लवकरच दिसलं. जर्मन कंपनीत खरेदीला नवा माणूस आला, मूळचा स्पेनचा. पहिल्याच पत्रात त्याने पहिल्या नावाने हाक मारली, सुट्टी कशी गेली ते विचारलं, आणि पत्र संपवताना आमच्या सगळ्या टीमला नमस्कार सांगितला. मीही त्याला पहिल्या नावाने लिहू लागले, खुशाली विचारू लागले. तारखा मात्र त्यालाही आठवड्याच्या क्रमांकातच लागतात, कारण त्याच्या कारखान्याचं नियोजन त्यावर चालतं. आणि खर्चाचं पत्र अजूनही वेगळंच जातं, त्याच्या वरच्यांना.